डोकं शाबूत आहे तोवर ठरवा

वार्धक्य आणि मेंदूविकारांवरच्या संशोधनासाठी मराठी वाचकांना जाहीर आवाहन



हे आवाहन पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आहे, आणि तितकंच त्यांच्या मुलासुनांना, लेकीजावयांनाही आहे. मागणं दोन गोष्टींचं आहे. पहिलं, हयात असताना वार्धक्य आणि स्मृतिभ्रंश यांवरच्या संशोधनात आपण होऊन नाव द्या. दुसरं, मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनासाठी द्यायचा का, हे आत्ताच ठरवा, घरच्यांना सांगा आणि सहीनिशी लिहून ठेवा.

'बघू पुढे' म्हणायला इथे जागा नाही. हृदयविकाराचा किंवा कर्करोगाचा रुग्ण अखेरच्या आठवड्यातही 'माझे डोळे द्या' असं सांगू शकतो. अल्झायमरसारख्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला ते जमत नाही. निर्णय घेणारा अवयवच या आजारात आधी निकामी होतो. घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत, डॉक्टरांकडे नेईपर्यंत, निदान पक्कं होईपर्यंत बरीच वर्षं सरलेली असतात, आणि मग रुग्णाने केलेल्या सहीला अर्थ उरत नाही. अखेर मृत्यूच्या दिवशी, रडारडीत आणि फोनाफोनीत, कुणीतरी विचारतं, "बाबांना हे चाललं असतं का?" कुणालाच माहीत नसतं. अशा वेळी माणसं 'नको' म्हणतात, आणि त्यांचं काही चुकतही नाही.

म्हणून ही घाई.

आजार किती घरांत आहे

२०११च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं १० कोटी ३८ लाख होती. त्यानंतर ती वाढतच गेली. देशभरातल्या ज्येष्ठांची घरी जाऊन तपासणी करणाऱ्या लासी-डॅड या पाहणीचे निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा तो अंदाज होता. पुरुषांमध्ये ५.८ टक्के, तर बायकांमध्ये ९ टक्के. शहरांत ५.३ टक्के, तर खेड्यांत ८.४ टक्के.

हे आकडे पाहिल्यावर एक समजूत तरी सोडून द्यायला हवी. विसरणं हा शहरी, सुखवस्तू म्हाताऱ्यांचा आजार नाही. तो खेड्यात जास्त आहे, बायकांत जास्त आहे, आणि तिथेच तो 'साठी बुद्धी नाठी' म्हणून सर्वांत जास्त झाकला जातो. सून म्हणते, सासूबाई हल्ली मुद्दाम करतात. शेजारी म्हणतात, वय झालं. केवळ वय झालं म्हणून माणूस स्वतःच्या लेकीला ओळखेनासा होत नाही. तो आजार आहे, आणि आजाराचं कारण शोधावं लागतं.

एका बाईचा मेंदू

कारण शोधण्याची सुरुवात कशी झाली ते बघा. १९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्त डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेलं बोलणं शब्दशः टिपून ठेवलं. नाव विचारलं, तर ती म्हणाली आउगुस्त. आडनाव विचारलं, तरी आउगुस्त. नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हाही तिने स्वतःचंच नाव सांगितलं. पुढे अल्झायमर म्युनिकला गेले, पण त्यांनी या रुग्णाचा पाठपुरावा सोडला नाही. एप्रिल १९०६मध्ये ती वारली. तिचा मेंदू आणि कागदपत्रं त्यांनी मागवून घेतली, मेंदूचे पातळ काप केले आणि चांदीच्या क्षारांनी ते रंगवले. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या बाहेर साचलेले ठिपके आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते दिसले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी ही निरीक्षणं मांडली.

आज अल्झायमरवरच्या नव्या औषधांची बरीचशी चर्चा त्या ठिपक्यांभोवती आणि गुंत्यांभोवती फिरते. ठिपक्यांतलं प्रथिन अमायलॉइड, गुंत्यातलं टाउ. हे सारं हाती लागलं, कारण एकाच रुग्णाच्या दोन्ही बाजू उपलब्ध होत्या: जिवंतपणीच्या वागण्याची नोंद आणि मृत्यूनंतरचा मेंदू. नुसती नोंद असती तर ती एका दुर्दैवी बाईची हकिगत ठरली असती. नुसता मेंदू मिळाला असता, तर ठिपक्यांमुळे माणसाचं काय झालं होतं हे कुणाला सांगता आलं नसतं. या आवाहनातही दोन मागण्या एकत्र आहेत त्या याच कारणाने.

अमेरिकेतल्या 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' या पंथातल्या जोगिणींनी नेमकं हेच केलं. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली सुरू केलेल्या अभ्यासात ६७८ वृद्ध जोगिणींनी दरवर्षी स्मृतीच्या चाचण्या द्यायचं आणि मृत्यूनंतर मेंदू द्यायचं कबूल केलं. तरुणपणी मठात येताना त्यांनी लिहिलेली छोटी आत्मवृत्तं जपून ठेवलेली होती, तीही अभ्यासाला मिळाली. त्यातून जे निघालं त्याने डॉक्टरही चक्रावले. सिस्टर मेरी या १०१व्या वर्षी वारल्या. शेवटपर्यंत त्यांनी चाचण्यांत उत्तम गुण मिळवले होते, आणि मेंदू उघडल्यावर मात्र तो ठिपक्यांनी आणि गुंत्यांनी भरलेला निघाला. आजार मेंदूत होता, माणसात उतरलाच नव्हता. कुणाचा मेंदू हे ओझं पेलतो आणि कुणाचा पेलत नाही, हा आज या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. तो प्रश्न विचारता आला तो त्या जोगिणींच्या दानामुळे.

स्कॅन असताना मेंदू कशाला हवा?

एमआरआय आहे, पेट स्कॅन आहे, आता तर रक्ताच्या चाचण्याही येताहेत. मग मेलेल्या माणसाच्या मेंदूची गरज काय, असं कुणी विचारेल. शंका रास्त आहे. स्कॅनवर अमायलॉइड दिसतं, टाउही बरंचसं दिसतं. पण मेंदूत बिघडणारी प्रथिनं एवढीच नाहीत. टीडीपी-४३ नावाच्या प्रथिनामुळे ऐंशीच्या पुढच्या लोकांत होणारा एक स्मृतिभ्रंश हुबेहूब अल्झायमरसारखा दिसतो. त्याला 'लेट' असं वेगळं नाव २०१९ साली मिळालं. इतकी वर्षं त्या रुग्णांच्या कागदावर 'अल्झायमर' असंच लिहिलं जात होतं. फरक कळला तो शवविच्छेदनातून. निदान चुकलं तर औषधही चुकीच्या आजारावर चालवलं जातं. आणि स्कॅन किंवा रक्तचाचणी बरोबर सांगते आहे का, हे शेवटी पडताळायचं तेही खऱ्या मेंदूशीच.

मेंदू तपासण्यातून उपचार निघतो का? निघतो, आणि तो तुमच्या ओळखीचा आहे. १९६० साली व्हिएन्नात एहरिंगर आणि हॉर्निकिएविच या दोघांनी पार्किन्सन्सने, म्हणजे कंपवाताने, वारलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागात डोपामिन हे रसायन जवळजवळ संपलेलं होतं. मग पुढच्याच वर्षी, ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं ते लेव्होडोपा रुग्णांना टोचून पाहिलं गेलं, आणि जखडलेली माणसं हलू लागली. आज आपल्याकडे घड्याळ लावून घेतली जाणारी सिन्डोपाची गोळी त्याच लेव्होडोपाची आहे. आपल्या वडिलांचा हात सकाळच्या गोळीनंतर थरथरायचा थांबतो, चहाचा कप बशीत न सांडता ओठांपर्यंत जातो, तो व्हिएन्नातल्या काही अनोळखी रुग्णांच्या मेंदूंमुळे. ते ऋण आपण घेतलंय. फेडायचं मात्र अजून नाव नाही.

आपलेच मेंदू का हवेत

परदेशात दान केलेले मेंदू जपणाऱ्या मेंदूपेढ्या आहेत, तिथे संशोधन चालूच आहे, ते आपल्यालाही लागू पडेलच की, असं मानून स्वस्थ बसता येत नाही. आपल्याकडचं म्हातारपण वेगळ्या वाटेने येतं. मधुमेह लवकर जडतो, रक्तदाब वर्षानुवर्षं तपासलाच जात नाही, शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास असते, चुलीच्या धुरात आयुष्य गेलेलं असतं, शाळा चौथीत सुटलेली असते. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४मध्ये डिमेन्शियाला हातभार लावणारी आणि टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली: कमी शिक्षण, ऐकू कमी येणं, दिसेनासं होणं, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, तंबाखूचं धूम्रपान, अतिरिक्त मद्यपान, व्यायामाचा अभाव, डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा आणि हवेचं प्रदूषण. ही सगळी आटोक्यात आणली तर जगातले ४५ टक्क्यांपर्यंत डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येतील, असं त्यांचं म्हणणं आहे. आपल्या गावात, आपल्या वाड्यावस्तीत यातलं कोणतं कारण किती भारी पडतं, हे दुसऱ्या देशाच्या आकड्यांतून कळणार नाही.

नव्या औषधांचंही तेच. २०२३मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकानेमॅबच्या मुख्य चाचणीत १,७९५ रुग्ण होते. अठरा महिन्यांत आजाराची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. मात्र काहींच्या मेंदूला सूज आली, काहींच्या मेंदूत बारीक रक्तस्राव झाला, आणि एपीओई-४ या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेल्यांत हा धोका अधिक दिसला. अशा औषधांचा आपल्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, जनुकांच्या माणसाला लाभ किती आणि अपाय किती, हे सांगायला आपली माणसं अभ्यासात असायला हवीत.

ती असली की काय घडतं, याची उदाहरणं आपल्या आसपासच आहेत. मुंबईच्या केईएममध्ये काम केलेले मेंदूतज्ज्ञ डॉ. एडी भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन १४,०१० लोकांची पाहणी केली. ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. त्यात पार्किन्सन्सचे ४६ रुग्ण निघाले, म्हणजे लाखामागे ३२८. एका छोट्या समाजाने दारं उघडली म्हणून हे कळलं. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी यांच्या गटाने डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांतले ३९१ जण एकाहून अधिक भाषा बोलणारे होते, आणि त्यांच्यात आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेली आढळली. निरक्षरांमध्येही हा फरक दिसला. घरात मराठी, बाजारात हिंदी, माहेरी अहिराणी, कोकणी किंवा कानडी बोलणाऱ्या आपल्या बायाबापड्यांसाठी केवढी मोठी गोष्ट आहे ही! पण भाषांनी मेंदूत नेमकं काय राखलं, ठिपके कमी झाले की ठिपके असूनही मेंदूने तग धरला, हे नुसत्या नोंदींवरून सांगता येत नाही. त्यासाठी अशा माणसांचे मेंदूच पाहावे लागतील.

एक गोष्ट मराठी वाचकांनी विशेष मनावर घ्यावी. भारतीय रुग्णांची स्मृती, भाषा, लक्ष तपासण्यासाठी आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) जो चाचण्यांचा संच विकसित केला, त्याच्या पहिल्या टप्प्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम अशा पाच भाषा होत्या. मराठी नव्हती. चाचणी कोणत्या भाषेत आणि कशी घेतली जाते, यावर निदान उभं असतं. शाळेची पायरी न चढलेल्या आजीला 'शंभरातून सात वजा करा, त्यातून पुन्हा सात वजा करा' असं विचारलं तर ती गांगरणारच. तीच आजी आठवडी बाजारात तीन भाज्यांचा हिशेब करून सुटे पैसे परत घेते. तिला रुग्ण ठरवायचं की नाही, हे मराठी आज्यांवर घेतलेल्या चाचण्यांतूनच ठरेल. त्यासाठी ठणठणीत आज्याही हव्यात आणि विसरायला लागलेल्याही.

मेंदूपेढीत काय होतं

बंगळूरच्या निम्हान्स या मनोविकार आणि मेंदूविज्ञान संस्थेत डॉ. एस. के. शंकर यांच्या पुढाकाराने १९९५ साली मेंदूपेढी सुरू झाली. तिथल्या संग्रहालयात सामान्य माणसालाही खराखुरा मानवी मेंदू हातात धरून पाहता येतो. या पेढीत आलेल्या मेंदूंत अपघाती मृत्यूनंतर शवविच्छेदनातून, नातेवाइकांच्या संमतीने मिळालेल्यांचा वाटा मोठा आहे. उणीव आहे ती ज्यांच्या स्मृतीची नोंद आधीपासून ठेवलेली आहे अशा वृद्धांची, आणि शेवटपर्यंत डोकं तल्लख असलेल्या वृद्धांचीही.

मृत्यूनंतर जितक्या लवकर मेंदू मिळेल तितका तो उपयोगी. काही तासांत मिळाला तर उत्तम. देह शीतपेटीत ठेवला असेल तर साधारण चोवीस तासांपर्यंत मुदत धरतात. डोक्याच्या मागच्या बाजूला केसांत छेद घेऊन मेंदू बाहेर काढतात आणि छेद शिवून टाकतात. चेहऱ्याला धक्का लागत नाही, दर्शनाला ठेवलेल्या देहाकडे पाहून काही कळतही नाही. ताजा मेंदू खरवसासारखा मऊ असतो, वजन साधारण बाराशे ते चौदाशे ग्रॅम. मेंदूपेढ्यांच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे त्याचे उभे दोन भाग करतात. एक भाग फॉर्मालिनमध्ये दोन-तीन आठवडे ठेवून घट्ट करतात; मग त्यातून ठरावीक ठिकाणचे तुकडे घेऊन केसाहून पातळ काप रंगवतात. दुसरा भाग चकत्या करून उणे ८० अंशांत गोठवतात, म्हणजे त्यातली प्रथिनं आणि जनुकांची कामगिरी पुढे कितीही वर्षांनी तपासता येते. नमुन्यावर नाव नसतं, क्रमांक असतो. आज ज्या चाचणीचा शोधही लागलेला नाही, तीसुद्धा तीस वर्षांनी त्याच मेंदूवर करता येईल. आउगुस्त डेटरच्या मेंदूचे काप १९९०च्या दशकात म्युनिकमध्ये पुन्हा सापडले आणि नव्या नजरेने तपासले गेले, हे ध्यानात घ्या.

मनातल्या शंका

'अंत्यविधीचं काय?' मेंदूदान म्हणजे देहदान नव्हे. मेंदू घेतल्यावर देह घरच्यांच्या ताब्यात मिळतो, आणि दहन, दफन, जे काही घराण्यात चालत आलं असेल ते करता येतं.

'देह अपुरा राहिला तर गती मिळत नाही म्हणतात.' नेत्रदान नवं होतं तेव्हा पुढच्या जन्मी आंधळे व्हाल म्हणून लोकांना घाबरवलं जात असे. आज मराठी गावागावांत नेत्रदानाचे अर्ज भरले जातात. २०१०च्या जानेवारीत ज्योती बसू वारले आणि त्यांचा देह कोलकात्याच्या एसएसकेएम रुग्णालयाला दिला गेला. पुढच्याच महिन्यात आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे नानाजी देशमुख चित्रकूटला वारले आणि त्यांचा देह दिल्लीच्या एम्सकडे गेला. एक पक्के कम्युनिस्ट, दुसरे पक्के संघस्वयंसेवक. आयुष्यभर कशावर एकमत झालं नसेल, पण देह शिक्षणरुग्णालयाला द्यावा यावर दोघे एक होते.

'मला तर काही आजार नाही, माझा मेंदू कशाला हवा?' तुमचाच हवा. निरोगी मेंदू समोर ठेवल्याशिवाय आजारी मेंदूत काय बिघडलं ते कळत नाही.

'आईला अल्झायमर आहे, आता उशीर झाला का?' निदान नुकतंच झालं असेल आणि तिला विषय समजत असेल तर आजच तिच्याशी बोला. तो टप्पा ओलांडला असेल तर तिने पूर्वी दान, देहदान याबद्दल काय मत मांडलं होतं ते आठवा, आणि भावंडांनी मिळून ठरवा.

'नेत्रदानाचा अर्ज भरलाय.' दोन्ही करता येतं. दोन्हीकडे आधी सांगून ठेवा. एचआयव्ही, कावीळ ब यांसारखे काही संसर्ग असल्यास पेढी नकार देऊ शकते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

'संशोधनाच्या नावाखाली फसवणूक झाली तर?' ही भीती खोटी नाही, म्हणून खूण लक्षात ठेवा. खरं संशोधन तुमच्याकडून पैसे मागत नाही. संमतिपत्र तुमच्या भाषेत समजावून दिलं जातं, नीतिसमितीची मंजुरी असते, औषधाची चाचणी असेल तर ती 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया'वर नोंदलेली असते, आणि कोणत्याही क्षणी कारण न देता बाहेर पडता येतं. यातलं एक जरी नसेल तर उठून घरी या. स्मरणशक्ती परत आणून देणारी पावडर विकणारा तर कधीच संशोधक नसतो.

आता काय करायचं

एक. घरात साठीच्या पुढचं जे कुणी असेल त्याची स्मृती, ऐकणं, दृष्टी, रक्तदाब, साखर आणि बी-१२ तपासून घ्या, आणि कागद तारखेनिशी एका फाइलमध्ये लावा. विसरणं सुरू झालं असेल तर कधीपासून, काय काय विसरतात, हे वहीत लिहीत जा. पुढे संशोधकाला या वहीचा मोठा उपयोग होतो, आणि आजच्या डॉक्टरलाही.

दोन. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यूरॉलॉजी किंवा मनोविकार विभागात जाऊन विचारा: इथे स्मृतिचिकित्सेचा बाह्यरुग्ण विभाग आहे का, वार्धक्यावर एखादा अभ्यास चालू आहे का, निरोगी स्वयंसेवक घेता का? कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूर तालुक्याच्या गावांत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं मेंदू संशोधन केंद्र पंचेचाळिशीपुढच्या १०,००० ग्रामस्थांचा दीर्घकाळ मागोवा घेण्याचं काम करतं आहे. शेतकरी, मजूर, त्यांच्या बायका या अभ्यासात भाग घेताहेत. सुशिक्षित मराठी पेन्शनराला हे जड जायचं कारण नाही.

तीन. मेंदूदानाचा निर्णय झाला असेल तर तो साध्या कागदावर लिहा, दोन जवळच्या नातेवाइकांच्या सह्या घ्या, प्रती मुलांकडे आणि घरच्या डॉक्टरांकडे द्या. मृत्युपत्रात मात्र लिहून ठेवू नका. ते तेराव्यानंतर उघडतं, आणि हे दान तासांवर चालतं. शेवटची संमती वारसांचीच लागते. म्हणून सहीपेक्षाही महत्त्वाचं काम म्हणजे बायकोला, नवऱ्याला, मुलांना बसवून स्पष्ट सांगणं. परदेशातल्या मुलालाही सांगा, नाहीतर फोनवरून विरोध करणारा नेमका तोच निघतो.

चार. बंगळूर आणि परिसरातल्या मराठी कुटुंबांनी निम्हान्सच्या मेंदूपेढीशी थेट संपर्क करावा. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये असणाऱ्यांनी तिथल्या विद्यापीठ रुग्णालयांच्या मेंदूपेढ्यांत नाव घालावं. तिथेही दक्षिण आशियाई मेंदू फार थोडे आहेत. महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात एक तास यासाठी काढावा.

पाच. नाशिकला, लातूरला, रत्नागिरीला मृत्यू झाला तर मेंदू वेळेत बंगळूरला पोहोचवणं अवघड आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच आपल्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र आणि विकृतिशास्त्र विभागाला पत्र लिहा: मला मेंदूदान करायचं आहे, आपल्याकडे सोय आहे का, नसेल तर कधी होईल? एकट्यादुकट्याचं पत्र फाइलला लागतं. ज्येष्ठ नागरिक संघाने पन्नास सह्यांचं पत्र दिलं तर अधिष्ठात्यांना उत्तर द्यावं लागतं.

आणि मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मिरज इथल्या मोठ्या शिक्षणरुग्णालयांना वेगळी विनंती. रुग्ण तुमच्याकडे रांगा लावून उभे आहेत, विद्यार्थी आहेत, शवविच्छेदनाची व्यवस्था आहे. लागेल तो उणे ८० अंशांचा शीतकक्ष, रात्रीबेरात्री फोन उचलणारा एक समन्वयक, आणि नातेवाइकांशी मराठीत, माणुसकीने बोलू शकणारा एक समाजसेवा अधीक्षक. स्मृतीच्या चाचण्यांच्या मराठी आवृत्त्या मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या, कोकणातल्या बोलीभाषकांवर पडताळून घेण्याचं कामही तुमचंच आहे. ते बंगळूर किंवा बॉस्टन करून देणार नाही.

वाचकहो, येत्या रविवारी घरची माणसं जेवायला एकत्र बसतील तेव्हा हा विषय काढा. कुणी म्हणेल, जेवताना काय अभद्र बोलता. तरी बोला. शेवटी तुम्ही 'नाही' म्हणालात तरी तक्रार नाही. पण हो असो की नाही, ते तुमचं स्वतःचं, तुमच्या तोंडून आलेलं आणि तुमच्या हाताने लिहिलेलं असू द्या.